मातीच्या कुंडीला आतून अस्तर

मातीच्या कुंडीतले झाड सहजासहजी बाहेर येत नाही, याचे कारण कुंडीच्या भिंतीत असते. भाजलेली पण चकाकी न दिलेली माती सच्छिद्र असते. भिंतीतून पाणी झिरपून बाहेर उडून जाते आणि माठासारखी कुंडीही गार राहते; त्याच छिद्रांतून मुळांना हवा मिळते. त्यामुळे मुळे भिंतीकडे वळतात, तिला धरून गोल फिरतात आणि त्यांचे मूलरोम खरबरीत पृष्ठभागाला घट्ट बिलगतात. वर्षा-दोन वर्षांत जास्वंद किंवा मोगऱ्याच्या मुळांचे जाळे कुंडीला इतके धरून बसते, की झाड ओढले तर मुळे तुटतात आणि कुंडीवर जोर दिला तर काठ फुटतो. पोट फुगीर आणि तोंड निमुळते असेल तर अडचण दुप्पट, कारण आतला मुळे-मातीचा गोळा तोंडापेक्षा रुंद झालेला असतो.

माती भरण्यापूर्वी कुंडीच्या आतून अस्तर लावले, की मुळे भिंतीला थेट चिकटत नाहीत. कोणते अस्तर निवडायचे, हे झाड कुंडीत किती काळ राहणार आणि भिंतीतून होणारी हवा-पाण्याची ये-जा किती हवी, यावर ठरते.

झेंडू, शेवंती यांसारख्या हंगामी फुलझाडांना वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर पुरतात. कागद ओला केला, की भिंतीला आपोआप चिकटतो. तो लवकर कुजतो, पण तोवर हंगाम निघून जातो. गुळगुळीत, रंगीत छपाईचा कागद मात्र टाळावा. गोणपाट थोडे अधिक टिकते आणि हवा अडवत नाही. मात्र मुळे त्याच्या विणीत शिरतात, म्हणून फार वर्षांच्या झाडाला ते उपयोगाचे नाही. दीर्घकाळासाठी घट्ट विणीचे तण-रोधक कापड चांगले. ते कुजत नाही आणि त्यातून पाणी झिरपते.

प्लास्टिकचा कागद सर्वांत गुळगुळीत असल्याने गोळा अलगद सुटतो, पण त्यामुळे भिंतीतून होणारे बाष्पीभवन थांबते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा फायदाच ठरतो, कारण माती लवकर सुकत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तेच प्लास्टिक मुळे कुजण्याला निमंत्रण देते. कोरफड, निवडुंग, अडेनियम अशा कोरड्या मातीत रमणाऱ्या झाडांना ते लावूच नये. ज्यांना लावले, त्यांचे पाणी नेहमीपेक्षा कमी करावे.

अस्तर फक्त भिंतीला लावायचे. बूड मोकळे ठेवायचे. नवी कुंडी आधी पाण्यात भिजवून ठेवावी, नाहीतर ती मातीतला ओलावा शोषून घेते. बुडाच्या भोकावर खापरीचा बाकदार तुकडा पालथा ठेवला, की माती वाहून जात नाही आणि पाणीही निघून जाते. अस्तर काठापासून बोटभर खाली संपवले, तर बाहेरून दिसत नाही. मोठ्या कुंडीत एक युक्ती कामी येते: जाड नवारीच्या दोन पट्ट्या बुडावर एकमेकींना छेदून अंथराव्यात आणि त्यांची टोके भिंतीलगत वर आणून काठाजवळ सोडावीत. पुढे ही टोके धरून अख्खा गोळा उचलता येतो. त्यामुळे खोडाला ताण बसत नाही.

तोंड निमुळते असलेल्या कुंडीला अस्तराने फारसा उपयोग होत नाही. तिथे रोपवाटिकेतल्या प्लास्टिकच्या कुंडीत झाड लावून ती तोंडातून आत जाईल अशा बेताने बसवावी. आतल्या कुंडीचे पाणी बाहेरच्या कुंडीत साचू नये, म्हणून तिच्याखाली विटेचा तुकडा ठेवावा आणि बाहेरच्या कुंडीचे भोक उघडे राहू द्यावे.

झाड काढण्याच्या आदल्या दिवशी माती ओली करावी. ओला गोळा घट्ट धरून राहतो; कोरडा ढासळतो. भोकातून बाहेर आलेली मुळे आधी कापावीत. लहान कुंडी आडवी करून हळूहळू फिरवत काठावर हाताने थापटावे आणि बुडाखालून बोटाने ढकलावे. अस्तर मुळांबरोबर बाहेर आले, तर ते अलगद सोडवावे. मुळांत गुंतलेला गोणपाट ओढण्यापेक्षा कात्रीने कापून काढलेला बरा. गोल फिरलेली मुळे बाहेरून थोडी छाटून मोकळी केली, की ती नव्या मातीत पसरतात. त्यासाठी पावसाळ्याची सुरुवात हा सोयीचा काळ. तेव्हा हवेत ओलावा असतो आणि छाटलेली मुळे लवकर सावरतात.