ठणका थांबला, पण दाढ बरी झाली का?

कुर्डुवाडी जंक्शनवरून पुणे, सोलापूर, मिरज, लातूर अशा चारही बाजूंना गाड्या जातात. तरी इथे दाढ ठणकली की पहिली धाव दंतवैद्याकडे नाही, मेडिकलकडेच. ‘नसेचं काम’ म्हणजेच रूट कॅनॉल म्हटलं की मनात भीती उभी राहते. त्या भीतीमागचे हे काही समज.

गैरसमज : गोळ्यांचा कोर्स केला की दाढ बरी होते.
वस्तुस्थिती : औषध रक्तातून पोचतं. कीड आतल्या मऊ गरापर्यंत गेली आणि गर सडला, की तिथलं रक्ताभिसरणच बंद पडतं. सूज उतरते, जंतू आत तसेच राहतात. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण ते मूळ उपचाराच्या जोडीला. लवंगाच्या तेलानं दाढ तात्पुरती बधिर होते, एवढंच.

गैरसमज : ठणका आपोआप थांबला, म्हणजे संकट टळलं.
वस्तुस्थिती : बऱ्याचदा नस मेल्यामुळे कळ थांबते. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतात.

गैरसमज : रूट कॅनॉल म्हणजे जीवघेणी कळ.
वस्तुस्थिती : भूल देऊनच काम होतं. फार ठणकणाऱ्या खालच्या दाढेला कधी जास्तीचं इंजेक्शन लागतं. सडका गर काढून मुळांतल्या नळ्या बारीक फायलींनी आणि जंतुनाशक द्रावणानं साफ करतात, मग गट्टा-पर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा चार नळ्या असतात. वेळ लागतो तो त्या शोधून साफ करण्यात. नंतर दोन-चार दिवस चावताना थोडं दुखू शकतं.

गैरसमज : नस काढली की नजर जाते, अंगात रोग पसरतो.
वस्तुस्थिती : दृष्टीची नस वेगळी, दातांच्या नसा वेगळ्या. रोगाची भीती जुनी आहे. 1920च्या दशकात अमेरिकेतले दंतवैद्य वेस्टन प्राइस यांनी असा दावा केला आणि त्यापायी अनेकांचे दात उपटले गेले. पुढच्या काटेकोर अभ्यासांत तो दावा टिकला नाही.

गैरसमज : त्यापेक्षा दाढ काढलेली स्वस्त.
वस्तुस्थिती : त्या दिवशी स्वस्त, खरं. पण पोकळीकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात सरकतो आणि नंतर ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च येतो. मूळ उभं चिरलं असेल तर मात्र दाढ काढावीच लागते. एक्स-रे आणि तपासणीनंतर डॉक्टर ते सांगतात.

गैरसमज : दुखायचं थांबलं, आता कॅप कशाला?
वस्तुस्थिती : किडीनं पोखरलेली दाढ ज्वारीची कडक भाकरी किंवा सुपारी चावताना चिरू शकते. म्हणून दाढेला बहुधा कॅप लागतेच. तिच्या कडेनं पुन्हा कीड लागू शकते, तेव्हा ब्रश चुकवू नये. मशेरी हा ब्रशला पर्याय नाही. तिच्यात तंबाखू असते.

सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट न पाहता थेट मोठ्या दवाखान्यात जावं.