काम लागलं का?

चित्राच्या दर्शनी बाजूपेक्षा मला त्याची पाठ जास्त बोलकी वाटते. माझ्याकडे माझंच एक जुनं जलरंगातलं निसर्गचित्र आहे. त्याच्या पाठीवर तीन चिठ्ठ्या एकीवर एक डकवलेल्या आहेत. नाव, पत्ता, शीर्षक, माध्यम, आकार, किंमत. पहिल्या चिठ्ठीवर किंमत तीनशे रुपये, दुसरीवर पाचशे आणि तिसरीवर 'विक्रीसाठी नाही'. चित्र तीन प्रदर्शनांना पाठवलं होतं आणि तिन्हीकडून ते परत आलं. किंमत का वाढत गेली हे आता मलाही सांगता येणार नाही. दुसऱ्या खेपेला तर ते परीक्षकांपर्यंत पोहोचलंच नाही. एसटीत फ्रेमची काच तडकली, आणि टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "फुटकी एंट्री घेत नाही." मी बाहेर फुटपाथवर बसून ब्लेडच्या टोकाने काचेचे कण वेचत राहिलो. शेवटची तारीख त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपली.

कला महाविद्यालयांत या सगळ्या खटाटोपाला एकच प्रश्न आहे: "काम लागलं का?" म्हणजे निवड होऊन चित्र भिंतीवर टांगलं गेलं का. मराठीत नोकरी लागते, लॉटरी लागते, नाद लागतो, तसंच काम लागतं, आणि या चौघांत फार अंतर नाही. अशी कामं मागवण्याला हल्ली 'ओपन कॉल' म्हणतात. आमच्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी यायच्या, 'प्रवेशिका मागवण्यात येत आहेत.'

मुंबईत ही प्रथा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनाला सुरुवातीला साहेबलोकांचा आणि हौशी मडमांचा वरचष्मा होता. तिथे कोल्हापूरहून जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी १८९५ साली सुवर्णपदक पटकावलं. पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने 'मंदिरपथगामिनी' हा प्लास्टरचा पुतळा घडवला. पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी. या पुतळ्यावर पुढे रवींद्रनाथ टागोरांनी बंगालीत लेख लिहिला. मुंबईतल्या एका विद्यार्थ्याचं काम, आणि त्याची दखल थेट बंगालात.

अमृता शेरगिल यांना १९३७ साली याच सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, 'तीन मुली' या चित्रासाठी. पण मला त्यांची दोन वर्षं आधीची सिमल्याची गोष्ट जास्त आवडते. तिथल्या प्रदर्शनात त्यांची काही चित्रं नाकारली गेली आणि एका चित्राला बक्षीस दिलं गेलं. त्यांनी ते बक्षीस परत केलं. अर्थात हे करायला पाठीशी पॅरिसचं शिक्षण आणि घरचं बळ लागतं. आमच्यासारख्यांनी बक्षीस परत करायचं म्हटलं तरी आधी ते मिळायला हवं.

बळ अजिबात नसलेल्या माणसाचं नाव कृष्णाजी हौळाजी आरा. सिकंदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणीच पळून मुंबईत आला. लोकांच्या घरी राबला, गाड्या धुतल्या. १९४२ साली मुंबईतल्या चेतना रेस्टॉरंटमध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, १९४४ साली गव्हर्नरांचं पारितोषिक मिळालं आणि १९५२ साली 'टू जग्ज' या चित्राला सोसायटीचं सुवर्णपदक. आरांना कुणी पदवी विचारली नाही, हे खरं. पण रुडी फॉन लायडन यांच्यासारखा टीकाकार आणि वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारखा चित्रकार त्यांच्या पाठीशी उभा राहिला, हेही तितकंच खरं. दार उघडं होतं, आणि आत ओळखीचं कुणीतरी उभं होतं. आरांना याची जाण असावी. काळा घोड्याच्या आर्टिस्ट्स सेंटरमध्ये त्यांनी पुढे आयुष्य काढलं आणि नवख्या पोरांना हात दिला.

गावाकडच्या मुलाला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. त्याचं पहिलं प्रदर्शन म्हणजे एलिमेंटरीची परीक्षा. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांना आपल्याकडे कुणी फारसं मानत नाही. दहावीला इंटरमिजिएटच्या 'ए' श्रेणीचे ७, 'बी'चे ५ आणि 'सी'चे ३ वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांना बसवतात. तरी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही नावं ज्याला प्रेमाने आठवतात असा माणूस महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडेल. तांब्या आणि दोन वांगी समोर ठेवून मुलाचं नाव न बघता फक्त कागद तपासणारी ही व्यवस्था आहे. इतकं सरळ आमंत्रण त्याला पुढे क्वचितच मिळतं.

त्यानंतर कला महाविद्यालयात राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग, जिथे वर्गच्या वर्ग एंट्री टाकतो. मग १९१८ साली स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाचं प्रदर्शन. आणि मग मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ साली उघडलेल्या या गॅलरीत आज अर्ज केला तर तारीख मिळायला कित्येक वर्षं लागतात. अर्ज करताना 'उदयोन्मुख' असलेला चित्रकार प्रदर्शनाच्या दिवशी मुलांच्या फीची चिंता करत असतो.

एक दुसरी वाट आहे, बोधचिन्हांच्या स्पर्धांची. रुपयाचं चिन्ह अशाच खुल्या स्पर्धेतून आलं. केंद्र सरकारने २००९ साली ती जाहीर केली, तीन हजारांवर प्रवेशिका आल्या आणि जुलै २०१० मध्ये डी. उदय कुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं. ते पवईच्या आयआयटीत अक्षररचनेवर पीएचडी करत होते. देवनागरी 'र'ला वर आणखी एक आडवी रेघ, एवढंच. बक्षीस अडीच लाख. स्वच्छ भारतचा चष्मा तर आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचा, २०१४च्या स्पर्धेतला, बक्षीस पन्नास हजार. इंग्रजी, ओळख, फ्रेम, काच, कशाचीच गरज पडली नाही.

पण इथे थोडं थांबायला हवं. तीन हजारांतल्या एकाला बक्षीस मिळतं, पाच-सहा जणांना काहीतरी पदरात पडतं आणि बाकीच्यांची मेहनत फुकट जाते. सरकारची स्पर्धा असेल तर ते देशासाठी, असं मनाला समजावता येतं. पण आता शीतपेयवाले, बिल्डर, कोचिंग क्लासवालेसुद्धा 'विद्यार्थ्यांना सुवर्णसंधी' देतात. नियमावलीच्या शेवटी बारीक अक्षरात असतं की आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील. जिंकलेल्या नव्हे, आलेल्या सर्व. पाच हजारांच्या बक्षिसात दोनशे डिझाइनं. मी विद्यार्थ्यांना सांगतो, नियम शेवटून वाचायला लागा. हक्क कुणाकडे, परतीचं भाडं कोण देणार, परीक्षकांची नावं दिली आहेत की नाहीत. मग वर जाऊन बक्षिसाचा आकडा बघा.

खरं पाठबळ आता दुसरीकडे आहे, आणि आमच्या मुलांपर्यंत ते पोहोचतच नाही. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती घ्या. वय १८ ते २५, महिना पाच हजार, दोन वर्षं, देशभरात चारशे जणांना. गायन-वादन-नृत्यवाले हक्काने अर्ज करतात, पण चित्रकलेची, शिल्पाची मुलं बसतात हे अनेक चित्रकला शिक्षकांनाही माहीत नसतं. १९९७ साली सुरू झालेली दिल्लीची 'खोज' ही कलासंस्था नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे बोलावते, राहायला आणि काम करायला जागा देते. कोची बिनाले उभी केली ती बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू यांनी, दोघेही जे.जे.चे. त्यांनी २०१४ पासून विद्यार्थ्यांची वेगळी बिनाले जोडली आणि निवड करणारी मंडळी सरकारी कला महाविद्यालयांच्या वर्गांत जाऊन कामं बघून आली. प्रवेशिका मागवण्याऐवजी आपणच गावोगाव जाणं ही मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवाच्या निमित्तानेही २०१६पासून असे दरवाजे उघडतात, आणि सिंधुदुर्गातल्या पोराला पणजी मुंबईपेक्षा जवळ.

यातल्या बहुतेक ठिकाणी चित्र दुय्यम झालं आहे. आधी पाठवायचं असतं 'स्टेटमेंट', तीनशे शब्दांत, इंग्रजीत. चित्र त्याला जोडून, कमी वजनाच्या फाइलीत.

दरवर्षी एका तालुक्याच्या कला महाविद्यालयात मी असे अर्ज भरून घ्यायला जातो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. तिने चार फूट बाय तीन फुटांची एक चौकट आणली होती, तिच्यावर कॅनव्हासच्या जागी जुनं फडकं ताणलेलं. मी म्हटलं, कामाबद्दल लिही. तिने वहीच्या पानावर लिहिलं की आई फडात जाताना हे डोक्याला बांधायची, उसाच्या पात्याने ते ठिकठिकाणी फाटलंय, फाटलेलं मी शिवलं नाही, आणि घामाचे डाग दिसावेत म्हणून रंग पातळ लावला. चार वाक्यं. मग आम्ही मिळून इंग्रजी केलं. त्यात 'मेमरी' आलं, 'लेबर' आलं, 'आयडेंटिटी' आलं, आणि फडकं गेलं. तीनशे शब्द भरले तेव्हा ते स्टेटमेंट आदल्या वर्षीच्या मुलाच्या स्टेटमेंटसारखं दिसायला लागलं होतं, आणि तो तर दगडांवर काम करायचा.

बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव घेते. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मग वाचणार कोण?" त्याचं उत्तर असं की वाचायला माणूस बसवला जातो. इतर संस्थांनाही हे जमण्यासारखं आहे. परीक्षक मंडळात एक मराठी वाचणारा, एक कन्नड वाचणारा, याचा खर्च उद्घाटनाच्या हारतुऱ्यांहून जास्त येत नसावा. ते होईपर्यंत मुलांनी आपल्या भाषेत आधी लिहावं आणि तर्जुमा नंतर करावा, आणि तर्जुमा करणाऱ्याने, म्हणजे माझ्यासारख्याने, आपले आवडते शब्द खिशात ठेवावेत.

आम्ही पुन्हा बसलो. आईचं डोकं, उसाचं पातं, न शिवलेली फाट, सगळं परत आत घेतलं. शब्द जेमतेम एकशे दहा झाले, आणि तिने तेवढ्यावरच थांबवलं. शेवटी 'मटेरियल'चा रकाना राहिला होता. मी 'कॉटन क्लॉथ' सुचवलं. तिने ते टाइप केलं, थोडा वेळ बघितलं, खोडलं, आणि रोमन अक्षरांत लिहिलं, 'फडकं'.