घोणस अळीचा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा



कालपासून सात-आठ जणांनी मला एकच मेसेज पाठवून विचारलंय, "हे खरं आहे का?" मेसेजमध्ये काटेरी अळीचा फोटो, शेतात मरून पडलेल्या दोघांचा फोटो, आणि मजकूर: ही अळी चावली की माणूस पाच मिनिटांत मरतो.

हे खोटं आहे. मेसेज 2022 चा जुना आहे. फोटोतले दोघे चाळीसगाव तालुक्यात (जि. जळगाव) वीज पडून दगावले होते. त्यांच्या फोटोला अळीचा फोटो जोडून ही अफवा पसरवली गेली.

*अळी मात्र खरी आहे.* पावसाळ्यात गवतावर, एरंडीवर, बांधावरच्या झाडांवर ती दिसते. ती चावत नाही. अंगावरचे विषारी केस टोचतात, त्यामुळे आग होते, पुरळ येतं.

*केस टोचले तर:*
▪ चोळू नका. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढा, केस निघतात.
▪ साबणाने धुवा, बर्फ लावा.
▪ दम लागला, तोंड सुजलं, चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठा.

*खरा धोका वेगळाच आहे.* भीतीने मजूर निंदणीला येत नाहीत. काही जण दोन-तीन औषधं एकत्र करून, डोस वाढवून फवारतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरू नका. एखाद-दुसरी अळी दिसली तर फवारू नका. हातमोजे घालून पानासकट तोडा, साबणाच्या पाण्यात टाका. जास्त दिसल्या तर आधी मला फोटो पाठवा. गवतात काम करताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

*असा मेसेज आला की तीन गोष्टी बघा:*
1. गाव, तारीख, दवाखाना, काही लिहिलंय का?
2. फोटो त्याच घटनेचा आहे, हे कशावरून?
3. "लगेच सगळ्या ग्रुपवर टाका" अशी घाई केलीय का?

शंका आली तर मेसेज पुढे न पाठवता कंपनीच्या याच नंबरवर टाका. विचारून खात्री करून सांगतो.

आणि आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर लिहा, "तो मेसेज खोटा होता." यात कमीपणा नाही. तुमच्या एका ओळीने उद्या कुणाची निंदणी अडणार नाही.

आपला,
कृषी सल्लागार