नागपूरभोवतीचे रामटेक

नागपूर शहरातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, थोड्याच वेळात तुम्ही रामटेक लोकसभा मतदारसंघात असता. वर्धा रस्त्याने बुटीबोरी, अमरावती रस्त्याने वाडी, छिंदवाडा रस्त्याने कोराडी आणि सावनेर, जबलपूर रस्त्याने कामठी, कन्हान आणि मनसर, भंडारा रस्त्याने मौदा, शिवाय दक्षिणेकडे उमरेड. नाव गडमंदिराच्या रामटेक गावाचे, पण हा मतदारसंघ शहराभोवती बांगडीसारखा फिरलेला आहे. आतल्या गोलातले सहा विधानसभा मतदारसंघ नागपूर लोकसभेत आहेत. बाहेरचे काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक हे सहा मिळून दुसरा खासदार निवडतात. नागपूरच्या खासदाराबद्दल देशभर लिहिले जाते. या दुसऱ्या खासदाराच्या मतदारांकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही, आणि हे शहर त्यांच्याच जिवावर चालते.

शहराची वीज कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांत तयार होते. कोळसा सावनेर, कामठी, उमरेड भागातल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणींतून निघतो. पिण्याचे पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. काटोल-नरखेडचा शेतकरी संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहारावर वर्षाचा हिशेब मांडतो. भिवापूरची मिरची आपल्या नावाने ओळखली जाते. मनसर-कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत, देवलापारकडे गोंड आदिवासींची गावे आणि पेंचचे वाघांचे जंगल, तर कुहीकडे गोसेखुर्द धरणात जमीन गेलेली कुटुंबे. हिंगणा आणि बुटीबोरीत औद्योगिक वसाहती आहेत. कामठीत 1821 पासूनची लष्करी छावणी आहे, मोठी मुस्लिम वस्ती आहे आणि ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहारही आहे. कापूस, सोयाबीन, कोळसा, कारखाना, छावणी आणि जंगल यांचे प्रश्न एकाच खासदाराच्या टेबलावर येतात.

1957 च्या निवडणुकीपासून पुढची चाळीस वर्षे या मतदारसंघावर काँग्रेसची जवळजवळ अखंड पकड होती. कृष्णराव देशमुख, माधवराव पाटील, अमृत सोनार असे खासदार इथून गेले. या रांगेत खंड पडला तो 1974 च्या पोटनिवडणुकीत, राम हेडाऊ विदर्भवादी म्हणून निवडून आले तेव्हा. त्याआधी 1971 मध्ये शेजारच्या नागपुरात जांबुवंतराव धोटे जिंकले होते. वेगळ्या विदर्भाची मागणी त्या काळात मतपेटीतून उमटत होती. 1977 मध्ये उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली, पण रामटेकने जतीराम बर्वे यांना काँग्रेसच्याच तिकिटावर पाठवले आणि 1980 मध्ये त्यांना पुन्हा निवडले.

1984 मध्ये पी. व्ही. नरसिंह राव आले. ते तेव्हाच्या आंध्रातल्या हनमकोंड्यातूनही उभे होते. तिथे भाजपच्या जंगा रेड्डींनी त्यांचा पराभव केला. काँग्रेसच्या त्या लाटेत भाजपला देशभरात दोनच जागा मिळाल्या, त्यातली ही एक. रामटेकने मात्र रावांना लोकसभेत पोहोचवले. त्यांना मराठी उत्तम येत होती. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. त्यामुळे भाषेच्या दृष्टीने ते परके नव्हते. 1986 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि नवोदय विद्यालये आली तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्री हे रामटेकचे खासदार होते. नागपूर जिल्ह्याचे नवोदय विद्यालयही याच मतदारसंघात, पारशिवनी तालुक्यातल्या नवेगाव खैरीला आहे. 1989 मध्ये ते पुन्हा जिंकले. 1991 मध्ये ते लढले नाहीत. पंतप्रधान झाल्यावर पोटनिवडणूक लढवली ती आंध्रातल्या नंद्यालमधून. दोनदा निवडून दिलेला माणूस देशाचा पंतप्रधान झाला, पण तेव्हा तो रामटेकचा खासदार नव्हता.

रावांनंतर नागपूरच्या भोसले राजघराण्यातले तेजसिंहराव भोसले, मग दत्ता मेघे, मग राणी चित्रलेखा भोसले असे काँग्रेसचे खासदार झाले. 1999 मध्ये शिवसेनेच्या सुबोध मोहिते यांनी हा गड फोडला. शिवसेना-भाजप युतीच्या वाटपात जागा शिवसेनेकडे आणि कार्यकर्त्यांचे मोठे जाळे भाजपचे, असे गणित इथे बसले. भाजपला स्वतःच्या चिन्हावर ही जागा आजवर जिंकता आलेली नाही. 2004 ची लढत अटीतटीची झाली. काटोल भागातले, अनेक पदव्यांसाठी ख्यातनाम असलेले श्रीकांत जिचकार काँग्रेसकडून थोडक्यात हरले आणि काही आठवड्यांतच कोंढाळीजवळच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पुढे मोहिते शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले. 2007 च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांना नाकारून शिवसेनेच्या प्रकाश जाधवांना निवडले.

2008 च्या फेररचनेने चित्र बदलले. कळमेश्वर विधानसभा मतदारसंघ संपला, हिंगणा नव्याने आला आणि रामटेक लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. 2009 मध्ये मूळचे बुलडाण्याचे मुकुल वासनिक जिंकले आणि केंद्रात मंत्री झाले. 2014 मध्ये त्यांचा पावणेदोन लाख मतांनी पराभव करून शिवसेनेचे कृपाल तुमाने आले. 2019 मध्ये तुमानेच पुन्हा निवडून आले.

2024 च्या निवडणुकीने या मतदारसंघाचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दाखवला. तुमानेंचे तिकीट कापले गेले. उमरेडचे काँग्रेस आमदार राजू पारवे राजीनामा देऊन एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे उमेदवार झाले. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचे जात वैधता प्रमाणपत्र छाननीच्या दिवशीच रद्द झाले आणि त्यांचा अर्ज बाद ठरला. पर्यायी अर्ज भरलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उमेदवार झाले. 19 एप्रिलला सुमारे 61 टक्के मतदान झाले. त्याच दिवशी नागपूर शहरात ते जेमतेम 54 टक्के होते. 4 जूनला दोन्ही मतदारसंघांची मोजणी कळमना बाजारात झाली. शहराने नितीन गडकरींना सुमारे 1 लाख 37 हजारांचे मताधिक्य दिले, तर बाहेरच्या कड्याने बर्वेंना सुमारे 76 हजारांचे. राज्यातल्या पाचही अनुसूचित जाती राखीव जागा त्या वर्षी महाविकास आघाडीकडे गेल्या. रश्मी बर्वेंच्या प्रमाणपत्राबाबतचा जात पडताळणी समितीचा निर्णयही पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला.

आता रामटेक काँग्रेसचे झाले, असे म्हणणारे सहा महिन्यांत गप्प झाले. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत सहापैकी पाच जागा महायुतीने घेतल्या. काटोल, सावनेर, हिंगणा आणि कामठी भाजपने जिंकले, रामटेक शिंदे यांच्या शिवसेनेने. काँग्रेसकडे फक्त उमरेड राहिले. मतदार तेच, मतदान केंद्रेही बहुतेक तीच. दिल्लीसाठी आणि मुंबईसाठी हा मतदार वेगळा विचार करतो. जुन्या निष्ठेवर त्याचे मत गृहीत धरण्याचे दिवस इथे संपले आहेत, आणि ही लोकशाहीसाठी चांगली गोष्ट आहे.

खरा अन्याय नकाशात आहे. आजच्या सीमा 2001 च्या जनगणनेवर आखलेल्या आहेत. शहरालगतची तेव्हाची बेसा, बेलतरोडी, वानाडोंगरी, वाडी आणि आजची यांत ओळख पटणार नाही इतका फरक पडला आहे. हुडकेश्वर-नरसाळा तर महापालिकेत आले, पण तिथला मतदार नगरसेवक नागपूरचा आणि खासदार रामटेकचा निवडतो. त्याला हवी आहे शहर बस, गटार आणि नळाला पाणी. देवलापारच्या मतदाराला हवा आहे जंगलावरचा हक्क, काटोलच्या मतदाराला संत्र्याला भाव आणि प्रक्रिया उद्योग, कोराडीच्या शेजाऱ्याला राखेपासून सुटका. 20 लाखांहून अधिक मतदारांचा एकच प्रतिनिधी या सगळ्यांना न्याय कसा देणार?

पुढची जनगणना आणि तिच्यानंतरची फेररचना ही रामटेकसाठी कोणत्याही एका निवडणुकीपेक्षा मोठी घटना ठरेल. हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा ग्रामपंचायतींनी, नगरपरिषदांनी, बाहेरच्या वसाहतींतल्या रहिवासी संघटनांनी त्या लेखी द्यायला हव्यात. शहराला वीज, पाणी, कोळसा आणि फळे पुरवणाऱ्या या पट्ट्याने आजवर उमेदवार बदलले, पक्ष बदलले. आता सीमा आखल्या जातील तेव्हा त्याने त्या प्रक्रियेतही हक्काने भाग घेतला पाहिजे.