त्रिरश्मीचे दगडी दस्तऐवज

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत नाना प्रांतांतून आलेली माणसे नांदत असता येथील नव्या इमारतींना मात्र काचेचे एकच ठोकळेबाज रूप लाभावे, याचे मला नित्य नवल वाटते; कारण या मुलखाची वास्तुपरंपरा परक्यांना सामावून घेण्यात मुरलेली आहे. त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांतील, दहावे लेणे नहपान क्षत्रपाचा जावई, वंशाने शक असलेला उषवदात याने बौद्ध भिक्षूंसाठी गोवर्धन येथे खोदविले, आणि तेथील शिलालेखात त्याने दिलेल्या तीन लक्ष गाईंच्या दानाचीही नोंद आहे. (हे गोवर्धन म्हणजे गंगापूरशेजारचे गाव, असे अभ्यासक मानतात, सातपूरकरांस ते काही दूर नाही.) सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त तर उत्तरेकडून आलेला यवन, म्हणजे ग्रीक.

पण मला थक्क करते ते तिसरे लेणे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केल्यानंतर, त्याचा पुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी, सातकर्णीची माता गौतमी बलश्रीने ते भिक्षुसंघास अर्पण केले, आणि तिच्या कारागिरांनी ओसरीच्या खांबांचा घंटाकृती घाट चक्क शत्रूच्या दहाव्या लेण्यावरून उचलला! ओसरीचा भार मात्र सहा धिप्पाड यक्षांच्या खांद्यांवर देऊन त्यांनी आपली स्वतंत्र मुद्राही उमटविली.

पुढे १७५६ साली बांधलेल्या नाशिकातील सुंदरनारायणाच्या देवळातही मुसलमानी धाटणीच्या महिरपी निःसंकोच आल्या.

लेणी पाहावयास जाल तेव्हा दहाव्यातील खांब आधी निरखा, मग तिसऱ्यातील. नक्कल करणाराचा हात किंचित जड पडलेला दिसेल.