‘आसोबी’ म्हणजे खेळ नव्हे

चाकणच्या आमच्या कारखान्यात जपानी लेथचं मॅन्युअल आलं. अनुवादकाने लिहिलं होतं, ‘हँडलला थोडा खेळ द्या.’ ऑपरेटर गोंधळला. मूळ शब्द होता ‘आसोबी’. घरात त्याचा अर्थ खेळ. यंत्रात मात्र दोन भागांमधली मोकळीक, आपल्या फिटरच्या तोंडचा ‘प्ले’. रशियन कागदांत त्यालाच ‘ल्युफ्त’ म्हणतात. हा शब्द जर्मनमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ चक्क हवा!

तेव्हापासून अनुवादक निवडताना मी नुसत्या प्रमाणपत्रावर जात नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत वरची एन-१ पातळीसुद्धा शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासते. लिहायला लावत नाही. म्हणून मी आमच्याच मॅन्युअलचं एक पान अनुवादाला देतो, पैसे मोजून, सोबत यंत्राचं ड्रॉइंग. जो उलट प्रश्न विचारतो, काम त्याला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमुळे जपानी आणि रशियन शिकलेली माणसं भेटतात. त्यांतला वर्कशॉपमध्ये वावरलेला कुणी मिळाला, तर मी त्याला सोडत नाही.

शेवटी मजकूर दुसऱ्या जाणकाराकडे जातो. अनुवादसेवेचं २०१५ सालचं मानक, आयएसओ १७१००, हेच बंधन घालतं. त्या दुसऱ्या वाचनासाठी मी वेळापत्रकात आधीच दिवस राखून ठेवतो.