पहिल्या पुस्तकास प्रकाशक कसा मिळतो?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन आमच्या घरीं आला. मुलाच्या हातांत कवितांची वही होती, व वडिलांच्या खिशांत एका प्रकाशनसंस्थेचें पत्र होतें. संग्रह उत्तम आहे, खर्चाची रक्कम आगाऊ पाठवावी, दोन महिन्यांत पुस्तक हातीं पडेल, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. रक्कम उभी करण्याकरितां घरांतील पाटल्या मोडाव्या कीं काय, हें विचारण्यास ते आले होते. आम्हीं 'मोडूं नका' असें सांगतांच मुलाचा चेहरा उतरला. त्या वेळीं जें नीट समजावून सांगतां आलें नाहीं, तें येथें मांडीत आहों. कारण अशीं पत्रें आणखीही घरांत येत असतील.

जो लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देतो तो मुद्रक होय; जो स्वतःचे पैसे घालून तें छापतो, विकतो व विक्रींतून लेखकास त्याचा वांटा देतो, तो प्रकाशक. पहिल्याचा धंदा लबाडीचा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पुस्तक खपावें ही चिंता त्यास नसते, कारण त्याची कमाई छापण्यापूर्वींच झालेली असते. तरुणपणीं आम्हीं स्वतः हा अनुभव घेतला आहे. आमच्या एका पुस्तकाच्या प्रती कित्येक वर्षें खाटेखालीं पडून होत्या. मन लावून त्या वाचल्या त्या वाळवीनें!

मग खरा प्रकाशक गांठावा कसा? इंग्लंडांत 1875 च्या सुमारास ए. पी. वॉट ह्या गृहस्थांनीं लेखकाच्या वतीनें प्रकाशकाशीं बोलणीं करण्याचा व्यवसाय सुरू केला, व उत्पन्नाचा दहावा हिस्सा हें आपलें वेतन ठरविलें. आज इंग्रजी ग्रंथव्यापारांतील मोठ्या प्रकाशकांकडे अशा मध्यस्थावांचून सहसा पान हालत नाहीं. मराठींत ही चाल रुजली नाहीं. येथें तें काम बव्हंशीं नियतकालिकांच्या संपादकांनीं व जाणत्या वडील लेखकांनीं केलें, आणि याचे दाखले शोधण्यास नाशिकाबाहेर फारसें जावें लागत नाहीं.

लक्ष्मीबाई टिळक 1868 सालीं येथून जवळच जलालपूर गांवीं जन्मल्या. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. लिहिणेंवाचणें शिकल्या त्या लग्नानंतर, पतीकडून. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 सालीं निवर्तले. पुढें चिरंजीव देवदत्त हे वडिलांच्या चरित्राची सामग्री जमवूं लागले, तेव्हां आईच्या आठवणी कागदावर येऊं लागल्या. त्या 'संजीवनी' साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाल्या, आणि 1934 ते 1936 या काळांत 'स्मृतिचित्रे' या नांवानें चार भागांत पुस्तकरूपानें निघाल्या. शेवटचा भाग पाहण्यास बाई नव्हत्या. फेब्रुवारी 1936 मध्यें त्यांचें देहावसान झालें होतें. पुस्तक अद्याप छापलें जातें, व त्याचीं इंग्रजी भाषांतरें 1950 आणि 2017 सालीं झालीं आहेत. आमच्या मुद्द्यापुरती गोष्ट इतकीच कीं, पुस्तक बांधलें जाण्यापूर्वींच त्यास वाचक मिळाले होते.

दुसरे आपले कुसुमाग्रज. त्यांचा 'जीवनलहरी' हा पहिला संग्रह 1933 चा. पण नांव सर्वतोमुखीं झालें तें 1942 च्या 'विशाखा'मुळें. तो संग्रह वि. स. खांडेकरांनीं स्वतःचे पैसे घालून प्रसिद्ध केला. येथें पैसे घालणारा कोण होता हें पालकांनीं लक्षांत घ्यावें.

तेव्हां आधीं मासिकांकडे व दिवाळी अंकांकडे लेखन पाठवावें. पुरेसें छापून आलें म्हणजे आपल्या आवडीचीं पुस्तकें कपाटांतून काढून त्यांच्या आरंभींच्या पानांवर प्रकाशकाचें नांव पाहावें. जो पाकशास्त्राचीं पुस्तकें काढतो त्यास कविता पाठवून टपालखर्च कां वाढवावा? पत्रासोबत थोडा सारांश व निवडक पानें पुरेत. मूळ प्रत घरींच ठेवावी. उत्तरास कित्येक महिने लागतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देण्याची योजना आहे, तिचीही चौकशी करावी.

होकार आला म्हणजे आनंदाच्या भरांत सही करूं नये. कॉपीराइटच्या 1957 च्या कायद्याप्रमाणें हक्क दुसऱ्यास द्यावयाचे तर तें लेखी व सहीनिशीं असावें लागतें. करारांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची, व प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. यासाठींच धूर्त मनुष्य 'कायमचे' हा शब्द बारीक टाइपांत घालून ठेवतो. अठरा वर्षांखालील मुलास स्वतः करार करतां येत नाहीं. तेथें पालकांनींच वाचावयास हवें.

त्या विद्यार्थ्याच्या सात कविता आम्हीं त्याच्याबरोबर बसून निवडल्या व तीन मासिकांकडे धाडल्या. दोघांकडून नकार आला. तिसऱ्यानें एक कविता छापली व अंकाची एक प्रत पाठविली. ती दाखविण्यास मुलगा आईस घेऊन आला होता. पाटल्या तिच्या हातांत होत्या. वही त्यानें पुन्हां नव्यानें लिहावयास घेतली आहे.